बर्फ वितळेपर्यंत एक वायझेड

मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि सीमेपलीकडचं ऑन्टारिओ या पट्ट्यात नोव्हेंबर सरत आला की मोटोक्रॉसचे मातीचे ट्रॅक गोठतात. गाड्या गॅरेजमध्ये जातात त्या मार्चपर्यंत. याच दिवसांत वापरलेल्या गाड्यांचे भाव जरा उतरतात, आणि तिथल्या शेकडो गॅरेजांत हीटरशेजारी, लोखंडी स्टँडवर एखादी थकलेली टू-स्ट्रोक चढते. चाकं निघतात, टाकी निघते, इंजिन खाली उतरतं. वसंतात पहिला ट्रॅक उघडेपर्यंत ती पुन्हा उभी करायची, एवढाच करार असतो.

अशा स्टँडवर बरेचदा दिसणारी गाडी म्हणजे यामाहाची वायझेड २५०. रस्त्यावर चालवायची ही गाडी नव्हे. तिला दिवे नाहीत, आरसे नाहीत, बटण-स्टार्ट नाही. २४९ सीसीचं पाण्याने थंड होणारं एक सिलिंडर, पाच गिअर आणि सुमारे १०३ किलो वजन. या घराण्याची मुळं १९७३ सालात आहेत. त्या वर्षी स्वीडनच्या हाकन अँडरसनने मागे एकच शॉक असलेल्या यामाहावर २५० सीसीचं जागतिक मोटोक्रॉस अजिंक्यपद जिंकलं. तो एकशॉकी सांगाडा ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याच्या डोक्यातून निघालेला होता, आणि आज बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांच्या मागे त्याचीच वंशावळ चालते.

हिवाळी कामासाठी मात्र महत्त्वाचं वर्ष १९९९. त्या वर्षी इंजिनाचं माप ६६.४ मिमी बोअर आणि ७२ मिमी स्ट्रोक असं ठरलं आणि पुढे ते बदललंच नाही. २००५ मध्ये पोलादी फ्रेमच्या जागी अॅल्युमिनियमची आली, २००६ मध्ये केवायबी कंपनीचे नवे फोर्क आले, आणि मग यामाहाने जवळजवळ हात लावणं थांबवलं. पुढे २०२२ मध्ये टाकी, सीट, प्लास्टिक आणि ब्रेक बदलले. इंजिनाचा गाभा तोच राहिला. एखाद्या कंपनीने इतकी वर्षं एका गाडीला हात न लावणं हे दुर्लक्ष वाटेल, पण पाने हातात धरणाऱ्यासाठी यासारखं वरदान नाही. २००८ च्या गाडीला २०१८ च्या गाडीचे बहुतेक भाग बसतात. सुटे भाग दुकानात मिळतात, मापं छापील आहेत, आणि प्रत्येक दुखण्यावर कुणीतरी आधी काम करून ठेवलेलं असतं.

या गाडीने तग धरला हीच नवलाची गोष्ट. मे १९९७ मध्ये लास व्हेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्रीने यामाहाचीच ४०० सीसीची फोर-स्ट्रोक पहिली आणली आणि टू-स्ट्रोकच्या राज्याला तडा गेला. नियमांनी फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची मुभा दिली होती: २५० समोर ४५०, १२५ समोर २५०. त्यात धुराचे कायदे कडक होत गेले. होंडाच्या टू-स्ट्रोक सीआर मालिकेचं शेवटचं वर्ष २००७; पाठोपाठ कावासाकी आणि सुझुकीही या मैदानातून बाहेर पडल्या. चार मोठ्या जपानी कंपन्यांपैकी मोठ्या मापाची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी बनवत राहिली ती एकटी यामाहा.

पण शर्यतीत हरलेलं यंत्र गॅरेजमध्ये जिंकतं. फोर-स्ट्रोकच्या डोक्यात कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, टायमिंग चेन असा सगळा संसार असतो, आणि त्यातलं काही तुटलं तर दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. टू-स्ट्रोकमध्ये ताकद निर्माण करणारे हलते भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. सोबतीला आत येणाऱ्या हवेसाठी रीड व्हॉल्व्हच्या पातळ पाकळ्या आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी वर-खाली होणारा पॉवर व्हॉल्व्ह. घरच्या हत्यारांनी माणूस ज्याच्या तळापर्यंत पोचू शकतो असं हे बहुधा शेवटचं गंभीर इंजिन आहे.

साधं दिसणाऱ्या या यंत्रामागची बुद्धी मात्र साधी नाही. वायझेडच्या इंजिनासमोरून वळसा घेत जाणारा फुगीर पाइप निव्वळ धूर बाहेर टाकत नाही. त्याच्या निमुळत्या टोकावर आपटून दाबाची लाट मागे फिरते आणि सिलिंडरमधून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीत झ्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन याने हे शास्त्र पक्कं केलं. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघत होती, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या ग्रां प्रीतून पश्चिमेकडे पळाला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये तो सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोकच्या पुढच्या भरारीला काडेनच्या पाइपाचं ऋण आहे. स्टँडवरच्या वायझेडचा पाइप चेपलेला असेल तर तो ठोकून सरळ करायला लोक एवढी मेहनत का घेतात, हे यावरून कळावं. आकार बिघडला की लाटेची वेळ चुकते.

आता प्रत्यक्ष काम. विकणारा जवळजवळ नेहमीच सांगतो, इंजिनाचं काम नुकतंच केलंय. त्यावर विसंबू नये. पाइप काढून विजेरीने एक्झॉस्टच्या भोकातून आत पाहिलं तर पिस्टनची कड आणि सिलिंडरची भिंत दिसते. उभे ओरखडे असतील तर ते लपत नाहीत. मागचं चाक धरून वर-खाली हलवलं की मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजमधल्या बेअरिंगांचा खुळखुळाट हाताला कळतो. बुटांनी घासून चकचकीत झालेली फ्रेम, ढिल्या आऱ्या, गोल झालेली बोल्टची डोकी, हे सगळं मालकाबद्दल त्याच्या शब्दांपेक्षा जास्त सांगतं. आणि एअर फिल्टर. सीट काढून फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवावं. तिथे धूळ लागली तर इंजिनाने माती खाल्ली आहे हे गृहीत धरावं.

घरी आणल्यावर गाडी आधी स्वच्छ धुतात, मग खोलतात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, प्रत्येक बोल्टची जोडी वेगळ्या पाकिटात नाव घालून ठेवायची. जानेवारीत काढलेला स्पेसर मार्चमध्ये कुठल्या बाजूचा होता हे कुणालाही आठवत नाही.

हेड आणि सिलिंडर उतरले की पिस्टन हातात येतो, आणि इथे घाई करणाऱ्याचं मोठं नुकसान होतं. जुना पिस्टन फेकायचा नसतो, वाचायचा असतो. माथ्यावर काळा थर आणि कडेला ताज्या मिश्रणाने धुतलेले स्वच्छ पट्टे दिसले तर कार्बोरेटरची जेट बरोबर होती. कड बारीक टोचल्यासारखी खडबडीत झाली असेल तर ठोका (नॉकिंग) बसत होता. चार ठिकाणी उभे घासल्याचे डाग म्हणजे मालकाने थंड इंजिन गरम न करताच जोरात पिळलं. पिस्टन फुगला, सिलिंडर अजून थंडच होता. कार्बोरेटरकडची बाजू मंद, खरवडलेली दिसते ती मातीमुळे. पिस्टनच्या आत, माथ्याखाली गडद जळका डाग असेल तर तापमान नको तितकं चढत होतं. कारण न शोधता नवा पिस्टन बसवणं म्हणजे त्यालाही तीच शिक्षा सुनावणं.

लूना, चेतक किंवा आरएक्स १०० वर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे लगेच रिबोर आठवेल. त्या गाड्यांच्या सिलिंडरची भिंत बिडाची. लेथवाल्याकडे नेऊन पाव मिलिमीटर मोठी करायची, पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा, की काम झालं. वायझेडला ती सोय नाही. तिचं सिलिंडर अॅल्युमिनियमचं, आणि भिंतीवर निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेला केसाइतका पातळ मुलामा. या जातीचा पहिला मुलामा जर्मनीच्या माहले कंपनीने १९६७ मध्ये निकासिल या नावाने काढला. तो इतका कठीण असतो की साधे होनचे दगड त्याच्यावर चालत नाहीत, हिऱ्याचे लागतात. मुलामा शाबूत असेल तर सिलिंडर मोजून, नव्या पिस्टनसह पुन्हा बसवता येतं. खरवडून खालचं अॅल्युमिनियम उघडं पडलं असेल तर ते खास कारखान्यात पाठवून जुना थर उतरवावा आणि नवा चढवावा लागतो. त्यासाठी काही आठवडे जातात. हिवाळ्याचा मोकळा वेळ इथे कामी येतो. नवे पिस्टनही एकाच मापाचे नसतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने त्यांचे ए, बी असे वर्ग असतात, आणि बोअर मोजल्याशिवाय कुठला घ्यायचा हे ठरत नाही. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने पाहायची, ती पुस्तिकेतल्या मर्यादेत हवी.

पिस्टन निघाला की बहुतेकांना मोह होतो: एवढ्यावरच थांबावं, नवा घालावा, बंद करावं. पण त्याआधी कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढावा. खालच्या बाजूला जराही खेळ जाणवला तर थांबता येत नाही, क्रँक बाहेर काढावीच लागते. बाजूला थोडं हलणं चालतं. वर-खाली अजिबात नाही. मग क्लचचं नट सुटतं, पुलर लावून फ्लायव्हील निघतं आणि क्रँककेस उघडते. क्रँकच्या दोन चकत्या प्रेसवर वेगळ्या करून नवा रॉड घालणं आणि त्या पुन्हा एकरेषेत आणणं हे घरचं काम नव्हे. तिथे मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा हिशेब असतो. अनुभवी हाताकडेच ते द्यावं, किंवा तयार क्रँक घ्यावी. बेअरिंगा मात्र घरी छान बसतात. क्रँककेस ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवायची, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, आणि ती हातोड्याविना आपल्या वजनाने जागेवर जाऊन बसते.

अनेक इंजिनं मारणारा एक भाग मात्र अगदी स्वस्त आहे. क्रँकच्या दोन टोकांना रबरी ऑइल सील असतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा आणि ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं, म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर सोडतं. ते निदान दिसतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची कोरडी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि उत्तम पिस्टन भर वेगात जाम होतो. ते आधी दिसत नाही. म्हणून जाणकार इंजिन बांधून झाल्यावर कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद करून, छोट्या पंपाने आत सहा पीएसआयच्या आसपास दाब भरतात आणि काटा पाहत बसतात. काटा पडू लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. या परीक्षेला पाऊण तासही लागत नाही, आणि ती न करता चालू केलेलं इंजिन म्हणजे जुगार आहे.

पॉवर व्हॉल्व्हवरचा डांबरासारखा चिकटा साफ करणं, रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून फट पाहणं, लिंकेजच्या बेअरिंगांत ग्रीस भरणं, फोर्कचे सील आणि ऑइल बदलणं, ही कामं फेब्रुवारीत आरामात उरकतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं प्रमाण पुस्तिकेत ३०:१ दिलेलं आहे, म्हणजे लिटरला साधारण ३३ मिलिलिटर. गाडी चालू करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त असतो. म्हणून जुलैत बरोबर असलेली जेट मार्चच्या थंडीत पातळ ठरते. नवं इंजिन पहिल्याच दिवशी बिघडतं ते अनेकदा यामुळेच.

या यंत्राचा दोष झाकण्यात अर्थ नाही. ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो, आणि त्यात ऑइलही असतं. त्यामुळेच शहरांच्या रस्त्यांवरून टू-स्ट्रोक गेल्या, आणि ते योग्यच झालं. बंद ट्रॅकवर महिन्यातून काही तास फिरणाऱ्या गाडीचा हिशेब निराळा आहे. शिवाय पंधरा वर्षांची गाडी भंगारात न जाता पुन्हा उभी राहते, हेही मोजायला हवं.

वायझेड २५० यामाहाच्या २०२५ च्या यादीतही आहे, कार्बोरेटर आणि किकसह. महाराष्ट्रात ती क्वचितच दिसेल, पण १९९६ पर्यंत बनलेल्या आरएक्स १०० इथल्या अनेक घरांच्या मागच्या पडवीत उभ्या आहेत, आणि त्यांच्या क्रँकलाही तशीच दोन रबरी सील आहेत. गाडी मिस्त्रीकडे नेणार असाल तर रिबोर आणि रंग यांच्याआधी ती दोन्ही सील बदलून घ्या, आणि जुना पिस्टन परत मागून नीट पाहा.