काडतुसाच्या आकाराचं भोक

विंचेस्टर कंपनीच्या 1890 मॉडेलच्या रायफलीत मुख्य नळीखाली एक बारीक नळकांडं असतं. गोळ्या त्यात भरायच्या. आतली पितळी नळी वर ओढली की बाहेरच्या नळकांड्याला पाडलेलं भोक मोकळं होतं. हे भोक गोल नाही की चौकोनी नाही, थेट काडतुसाच्या आकाराचं! मागे बुडाची कड, पुढे निमुळतं टोक. काडतूस उलटं धरलंत तर आत जायला तयारच नाही. वापराची सूचना कागदावर छापण्याऐवजी कारागिराने ती पोलादातच कापून ठेवली.

एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवलेल्यांना हे काडतूस ओळखीचं असेल. त्याच्या बुडाशी मध्यभागी टोपी नसते. ठिणगी पाडणारं रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. घोडा पडतो, पिन कडेवर आपटते, कड चेमटते आणि बार उडतो. म्हणून नाव रिमफायर. 1857 साली स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी निघालेलं पॉइंट टू टू शॉर्ट हे या घराण्यातलं थोरलं. धाकटं भावंड लाँग रायफल 1887 चं, आणि त्याचं वय आजही जाणवत नाही: 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं ते याच काडतुसावर.

1890 मॉडेलचे जनक जॉन आणि मॅथ्यू ब्राउनिंग, युटातल्या ऑग्डेन गावचे भाऊ. त्यांचं पेटंट 26 जून 1888 चं. असं सांगतात की आराखडा पाहून कंपनीच्या तज्ज्ञांनी ‘हे चालणार नाही’ म्हणून कळवलं, तेव्हा भावांनी वाद न घालता चालणारी रायफलच बनवून पाठवली. डाव्या हातातली लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर, पुढे ढकलली की नवं काडतूस आत. उजवा हात चापावरून हलवायचाच नाही. अमेरिकेतल्या जत्रांमधल्या नेमबाजीच्या दुकानांनी ही रायफल अक्षरशः झिजेपर्यंत वापरली. आपल्याकडच्या फुगे फोडायच्या दुकानासारखाच तो प्रकार, फक्त बंदूक खरी आणि गोळीही खरी. विंचेस्टरने अशा साडेआठ लाखांच्या आसपास रायफली विकल्या.

मग इतक्या ढिगातून एखादीचं वय ओळखायचं कसं? मला जुन्या रायफली जमवण्याच्या छंदातली खरी गंमत इथे वाटते. आपल्याकडे परवान्याच्या कटकटीमुळे तो बहुतेकांना पुस्तकांतूनच करावा लागतो, पण म्हणून गंमत कमी होत नाही. रायफलीच्या डाव्या अंगाला खाचांच्या डोक्याचा मोठा स्क्रू नसेल, तर ती दोन तुकड्यांत सुटत नाही. अशा अखंड रायफली सुरुवातीच्या साडेपंधरा हजारांच्या आसपासच आहेत. स्क्रू असेल तर नळीवरची बारीक अक्षरं वाचा: 1888 च्या जोडीला 6 डिसेंबर 1892 ही दुसरी पेटंट-तारीख दिसते. मधल्या पोलादी सांगाड्यावर निळ्या-तपकिरी ढगांसारखे रंग असतील तर ती 1901 च्या आतली. हाडांची पूड आणि कोळशात पोलाद तापवून, मग पाण्यात बुडवून हे रंग आणत. त्यानंतर सगळीकडे एकसारखा निळा मुलामा आला. सांगाड्याच्या वरच्या कडेला, कुलूप अडकवणाऱ्या दोन खाचा बाहेरून दिसत असतील तर ती 1908 नंतरची.

रेमिंग्टनवाल्यांनी तर कोडंच घातलं. जॉन पेडरसनने आखलेलं त्यांचं मॉडेल 12 हे 1909 ते 1936 पर्यंत निघालं. त्याचा घोडा आत दडलेला. 1921 पासून नळीवर, सांगाड्याजवळ, एक इंग्रजी अक्षर महिन्यासाठी आणि एक वर्षासाठी ठोकू लागले. महिन्यांची अक्षरं ‘ब्लॅक पावडर’ या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमधून घेतलेली. त्या अकरा अक्षरांत एकही दोनदा येत नाही, म्हणून प्रत्येक महिन्याला वेगळं अक्षर मिळतं. बारावं कमी पडलं, तर डिसेंबरसाठी एक्स जोडला!

चकचकीत रायफल दिसली की जाणकार उलट सावध होतो. नव्याने मुलामा देण्याआधी पोलाद घासावं लागतं. घासताना अष्टकोनी नळीच्या धारा बोथट होतात, अक्षरांच्या कडा विरतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. रंग नवा, पण अक्षरं पुसट, हे गणित जमत नाही. मूळ मुलामा अर्धा उडालेली रायफल अशा नटवलेल्या रायफलीपेक्षा केव्हाही चांगली. नळीच्या आतली गत बहुधा वाईटच असते. जुन्या काडतुसांतल्या क्लोरेटमुळे बार उडाल्यावर आत क्षार उरत, ते हवेतली ओल धरत, आणि त्याच रात्री नळी धुतली नाही तर गंज चढे. रात्री बंदूक धुणारी पोरं किती असणार?

वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. सुरुवातीच्या रायफलींचा क्रमांक कळवला की त्यातली नोंद पत्राने मिळते: काडतूस कोणतं, नळी कशी, गोदामात कधी आली, बाहेर कधी गेली. वहीत ‘शॉर्ट’ आणि हातातल्या नळीवर ‘डब्ल्यूआरएफ’ (विंचेस्टर रिमफायर, म्हणजे दुसऱ्याच जातीचं काडतूस) निघालं, तर नळी नंतर बदललेली असू शकते; म्हणून किंमत ठरवण्याआधी त्या काडतुसाच्या आकाराच्या भोकात दोन्ही जातींची काडतुसं धरून बघावीत.