भूतखांबाच्या पायथ्याचे केरी

गोमंतकात केरी नावाचे एकच गाव आहे अशा समजुतीने जो प्रवासी निघेल तो तेरेखोलच्या मुखाशी समुद्राला टेकलेल्या पेडणे महालातील केरीस किंवा सह्याद्रीच्या कुशीतील सत्तरीच्या केरीस जाऊन पोहोचण्याचा संभव आहे. हा लेख ज्या केरीविषयी आहे ते फोंडे महालातील, म्हणजे जुन्या दफ्तरांत ज्याला अंत्रुज महाल म्हटले आहे त्या मुलखातील. संपादकांनी मला तेथे धाडले ते गायिका केसरबाई केरकरांचे जन्मग्राम पाहून यावे म्हणून. ते मी पाहिले, आणि त्याविषयी लिहिणारही आहे. पण माझा बहुतेक वेळ गेला तो एका कुळागरातील पाटाच्या काठी, आणि तो व्यर्थ गेला असे मला वाटत नाही.

गावाचा ज्ञात इतिहास अंत्रुजातील इतर गावांसारखाच, एका स्थलांतराभोवती गुंफलेला आहे. सोळाव्या शतकात साष्टीतील देवालयांवर पोर्तुगीज सत्तेचा घाला पडला, १५६७ साली तर त्या महालातील देवळे सरसकट उद्ध्वस्त झाली, तेव्हा जुवारी नदीपलीकडे आदिलशाहीच्या अंमलाखाली असलेला हा डोंगराळ मुलूख अनेक दैवतांचे आश्रयस्थान झाला. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, शंखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास स्थिरावला, आणि त्याच शंखवाळची विजयादुर्गा केरीस येऊन राहिली. पुढे फोंडे महाल सौंदेकरांकडून १७६३ साली पोर्तुगिजांच्या हाती गेला व ‘नव्या काबिजादी’त मोडू लागला; पण एव्हाना दोन शतके उलटली होती, धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि देवालयांना फिरून स्थान सोडण्याची पाळी आली नाही.

देवालयांबरोबर त्यांची सेवाही आली, आणि त्या सेवेच्या बंधनात वाढलेल्या कलावंत समाजात १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. केरीने त्यांना आडनाव दिले; विद्या मात्र त्यांना वणवण करून मिळवावी लागली. आठ वर्षांच्या वयात कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, परत आल्यावर डिचोली महालातील लामगावी रामकृष्णबुवा वझ्यांपाशी, मुंबईस बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले, आणि अखेरीस १९२१ पासून जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ, ज्यांचा सहवास खाँसाहेबांच्या १९४६ मधील निधनापर्यंत सुटला नाही. १९६९ साली पद्मभूषण लाभले. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने सूर्यमालेपलीकडे जाणारी दोन व्हॉयेजर याने सोडली. त्यांवर बसविलेल्या सुवर्णतबकडीत भारतीय संगीताचा एकमेव नमुना म्हणून केसरबाईंची भैरवीतील साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका घेतली गेली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाई निवर्तल्या. गावात त्यांच्या नावाचे विद्यालय आहे. या साऱ्याचा केरीकरांना अभिमान आहे. परंतु ज्या समाजव्यवस्थेत त्या जन्मल्या तिने त्यांना काय दिले व काय हिरावले, हा प्रश्न त्या अभिमानाच्या पोटात क्वचितच शिरतो, हेही नोंदविले पाहिजे.

आता पाण्याकडे वळतो. गावावर भूतखांबाचे पठार आहे. जांभ्या दगडाचा हा सडा वैशाखात पाहिला तर कुणाही परक्यास पडीक माळच वाटावा: करपलेले गवत, उघडा खडक, झुडपांचे विरळ पुंजके. पण गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. सच्छिद्र जांभा त्यातील पुष्कळ पाणी जिरवून घेतो, खालच्या चिकणमातीच्या थराशी ते अडते, आणि पाऊस सरून महिने लोटले तरी उतारावर झऱ्यांच्या रूपाने पाझरत राहते. त्या झऱ्यांवर कुळागरे उभी आहेत. माथ्यावर नारळ, त्याखाली पोफळीचे सरळसोट खांब, पोफळीला बिलगलेली मिरवेल, सावलीत केळ, जायफळ, अननस, आणि मातीशी हळद व सुरण अशी ही शेतीची अनेक मजल्यांची वास्तू दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत केवळ या झिरपलेल्या पाण्यावर जगते.

मी ज्यांच्या मागोमाग हिंडलो ते वृद्ध गृहस्थ या वास्तूचे मालक नव्हेत. जन्मभर दुसऱ्याच्या कुळागरात राबलेले कामगार. पाट झऱ्यापासून निघतो, उताराच्या कडेने अगदी बेताचा ढाळ राखीत येतो, आणि प्रत्येक मजगीशी, म्हणजे उतारावरील पायरीवजा तुकड्याशी, त्याला फाटा फुटतो. हे फाटे उघडण्या-मिटण्यासाठी येथे ना लोखंडी झडप ना चाक. खोऱ्याभर चिखल, एखादा चपटा दगड आणि केळीचे सोपट एवढीच सामग्री. कोणत्या आळ्याला किती वेळ पाणी द्यायचे याचा हिशेब घड्याळावर नसून आळ्यातील पाचोळ्यावर आहे: तो तरंगू लागला की तोंड बुजवायचे, पुढचे उघडायचे. त्यांनी एक फाटा पायाच्या अंगठ्याने मोडला आणि दुसरा टाचेने बांधला, तेव्हा माझी वही हातात तशीच राहिली. जवळ जाऊन पाहावे म्हणून मी पुढे सरलो, तर त्यांनी न वळता बजावले, “बाब, हांगा पांय दवरूं नाकात, मेर मोव आसा.” त्या मऊ मेरेवरून ते स्वतः मात्र ठसाही न उमटविता चालत होते.

पठाराचा व पाटाचा हा संबंध ज्यांच्या पायांना ठाऊक होता त्यांना तो सरकारी नकाशावर दिसला नाही. ऐंशीच्या दशकात थापर व ड्यू पाँट यांच्या संयुक्त कंपनीने नायलॉन ६,६ चा कारखाना भूतखांबावर उभारण्याची योजना आखली, आणि शासनाने पठाराची जमीन तिला देऊ केली. कागदावर ती ओसाडच होती. भोपाळची दुर्घटना १९८४ ची, ताजी. केरी-सावई वेरेच्या ग्रामस्थांनी विचारले की वर जे सांडेल ते खाली कुठे उतरेल? सभा झाल्या, मोर्चे निघाले, वर्षे गेली, कुंपण घातले गेले, रस्ते अडविले गेले. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक पंचविशीचा तरुण मारला गेला. त्यानंतर कंपनीने गोवा सोडला व कारखाना तामिळनाडूत नेला. पुढे त्याच पठारावर विशेष आर्थिक क्षेत्राची योजना आली; तीही राज्यभर उसळलेल्या विरोधापुढे २००७ अखेर गोव्यातील अशा सर्व योजनांबरोबर शासनाला मागे घ्यावी लागली.

बाहेरचा धोका गावाने दोनदा परतविला. आतल्या ओसरणीविरुद्ध मात्र मोर्चा काढता येत नाही. पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जाणारा, एका चढणीत अनेक झाडांचे घोस उतरविणारा पाडेली आता मिळेनासा झाला आहे. त्याची मुले फोंड्यात दुकानांत किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जातात, आणि कोणत्या तोंडाने त्यांना परत बोलवावे? श्रावणात संततधार लागली की कोळेरोग सुपारी गाळतो; त्यावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारायचे तेही शेंड्यावर चढूनच, म्हणजे पुन्हा पाडेलीच हवा. माकडे कोवळे नारळ फोडतात. एकाच कुळागरावर वारसांची नावे पिढीगणिक वाढत जातात, त्यांतील निम्मे मुंबईस वा परदेशी, आणि पाटातला गाळ कुणी उपसायचा याचा निर्णय सह्यांच्या अभावी अडून राहतो. काहींनी विहिरीवर पंप बसविला आहे; सोय झाली, पण ज्याचा पंप आहे तो पाट साफ करण्यास येत नाही, आणि खालच्या मजगीवाल्याच्या वाट्याला येणारे पाणी मार्चातच आटते. त्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले की तुमच्यामागे पाण्याची ही पाळी कोण राखणार. त्यांनी पुतण्याचे नाव घेतले, आणि तो आठवड्यातून एकदा, रविवारी येतो, असे सांगितले.