सैनिकी सराव : खडतर, तरीही सुरक्षित

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला जत तालुका अवर्षणप्रवण भाग म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि शेतीचा आधार तुटपुंजा. अशा भागातील तरुणांना सैन्यातील नोकरीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. त्यात केवळ वेतनाचा विचार नसतो. घराण्याची आणि गावाची प्रतिष्ठाही असते. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात आपले ४६ जवान गमावले, आणि तो वारसा त्या गावाने पुढेही जपला. सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील तरुणांची सैन्यभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयामार्फत होते. निवड झालेल्यांपैकी अनेकांची पावले बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राकडे वळतात.

मुलगा सीमेवर गेला म्हणजे त्याच्या जिवाला धोका आहे, हे घरच्या माणसांनी मनोमन स्वीकारलेले असते. परंतु तो अद्याप शिकत असताना, देशात शांतता असताना, सरावाच्या मैदानावरच त्याला काही झाले तर? ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळील देवळाली येथे तोफेच्या सरावाच्या वेळी गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. अशी वार्ता आली की सर्वत्र एकच प्रश्न विचारला जातो : शांततेच्या काळात हा धोका पत्करण्याची गरजच काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सैनिकी प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घ्यावे लागते.

खडतर सराव कशासाठी?

युद्धात माणूस विचार करून फार थोड्या गोष्टी करतो. कानठळ्या बसवणारा आवाज, धूर, अंधार, झोपेचा अभाव आणि मृत्यूचे भय यांच्या गर्दीत त्याचे हात जे करतात, ते सवयीने करतात. ही सवय वर्गात बसून लागत नाही. ज्याने गोळीबाराचा आवाज कधी ऐकलेलाच नाही, तो पहिल्या आवाजालाच गांगरतो. ज्याने पाठीवर पूर्ण वजन घेऊन रात्रभर वाट तुडवलेली नाही, तो ऐन वेळी मागे पडतो आणि आपल्याबरोबर सोबत्यांनाही संकटात टाकतो.

तयारी अपुरी राहिल्याची किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी आपल्या अनेक तुकड्या सपाट प्रदेशातून थेट हिमालयाच्या उंचीवर पाठवण्यात आल्या. अंगावर सुती गणवेश, विरळ हवेची सवय नाही, अशा अवस्थेत त्यांना लढावे लागले. आज उंच प्रदेशात जाणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्याने नेले जाते. ९,००० ते १२,००० फुटांवरील पहिल्या टप्प्यात ६ दिवस आणि त्यापुढील दोन टप्प्यांत प्रत्येकी ४ दिवस थांबल्यावरच त्याला वर चढू दिले जाते. हे १४ दिवस जवानाचे लाड करण्यासाठी नसतात. चढण तीच असते, थंडीही तीच असते. शरीराला मात्र जुळवून घेण्यास अवधी दिलेला असतो. खडतरपणा आणि सुरक्षितता ही परस्परविरोधी तत्त्वे नाहीत, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

दोन प्रकारचे धोके

प्रशिक्षणातील धोक्यांचे दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार काही तरी शिकवणाऱ्या धोक्याचा. दोरावरून दरी ओलांडणे, रात्री अनोळखी रानातून वाट काढणे, डोक्यावरून गोळ्या जात असताना सरपटत पुढे जाणे, यांत भय आहे आणि ते भय जिंकणे हाच धडा आहे. दुसरा प्रकार काहीच न शिकवणाऱ्या धोक्याचा. सदोष दारूगोळा, झिजलेला दोर, पाण्याविना करवलेली दौड, सीमा न आखलेले गोळीबाराचे मैदान, किंवा एखाद्या प्रशिक्षकाचा लहरी राग यांतून जवान अधिक शूर होत नाही. झाला तर जायबंदी होतो. पहिला धोका मोजून-मापून ठेवावा आणि दुसरा शक्य तेवढा नाहीसा करावा, हे समतोलाचे सूत्र आहे.

या दोन्ही बाजू अमेरिकेतील पॅरिस आयलंड या मरीन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात एकाच वर्षी दिसून आल्या. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री तेथील एका प्रशिक्षकाने शिस्त लावण्यासाठी म्हणून आपल्या तुकडीला दलदलीच्या खाडीत उतरवले. ही कवायत अभ्यासक्रमात नव्हती, खोलीची पाहणी झालेली नव्हती, आणि पोहता न येणारे कोण याचाही विचार झालेला नव्हता. सहा शिकाऊ जवान बुडून मरण पावले. खडतरपणाच्या नावाखाली चालणाऱ्या बेफिकिरीचे हे बोलके उदाहरण आहे.

त्याच केंद्रात उष्माघाताने अनेक शिकाऊ जवान आजारी पडत असत. त्यावर उपाय म्हणून १९५६ मध्येच उष्णता मोजण्याची नवी पद्धत लागू झाली. केवळ हवेचे तापमान न पाहता ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक, काळ्या गोळ्यातील तापमापक आणि साधा तापमापक अशा तिघांचे आकडे अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के या प्रमाणात एकत्र केले जातात. हवेत दमटपणा किती, ऊन किती आणि उष्णता किती, हे सारे त्यात येते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून ओल्या तापमापकाला सर्वांत अधिक महत्त्व दिलेले असते. आकडा वाढेल तसे नव्या जवानांचे कष्ट कमी केले जात; सरावलेल्यांचा सराव मात्र अधिक उष्णतेतही चालू राही. उष्माघाताचे प्रमाण स्पष्टपणे घटले आणि प्रशिक्षणही थांबले नाही.

सराव खरा वाटावा म्हणून

खऱ्या लढाईचा भास निर्माण करण्याची अनेक साधने आहेत. वाळूत मांडलेल्या रणभूमीच्या प्रतिकृतीपासून यंत्रांनी निर्माण केलेल्या आभासी लढाईपर्यंत त्यांचा विस्तार झालेला आहे. प्रत्येक साधनाचे जसे गुण आहेत, तशा मर्यादाही आहेत.

गोळी नसलेले 'ब्लँक' काडतूस आवाज, धूर आणि झटका देते. त्यामुळे ते निरुपद्रवी आहे असे वाटते. परंतु अगदी जवळून उडवल्यास नळीतून बाहेर पडणारा तप्त वायूही गंभीर इजा करू शकतो. म्हणून समोरच्या माणसापासून ठरावीक अंतर राखावे लागते. त्याहून मोठा धोका अशा काडतुसांत एखादे जिवंत काडतूस मिसळण्याचा. सरावापूर्वी आणि सरावानंतर काडतुसे, पेट्या व बंदुकीची नळी यांची तपासणी आणि मोजणी काटेकोरपणे होते, ती यासाठीच.

अलीकडच्या काळात बंदुकीवर लेसर किरण सोडणारे उपकरण आणि जवानाच्या अंगावर तो किरण टिपणारे पट्टे बसवून लुटुपुटीची लढाई खेळली जाते. कोण 'ठार' झाला हे तत्काळ कळते आणि कोणालाही इजा होत नाही. परंतु येथे एक सूक्ष्म अडचण आहे. लेसरचा किरण झुडपाच्या पानांनी अडतो; खरी गोळी त्याच झुडपातून आरपार जाते. केवळ याच साधनावर शिकलेला जवान झुडपालाच आडोसा समजू लागेल, तर सुरक्षित सरावाने त्याला चुकीची सवय लावली असे होईल. म्हणून अशा साधनांनंतर चांदमारीच्या मैदानावर जिवंत काडतुसांचा सराव घ्यावाच लागतो. सुरक्षित साधने पूर्वतयारीसाठी उत्तम, पण अखेरच्या परीक्षेला ती पर्याय ठरत नाहीत.

हातबॉम्बचे शिक्षण या क्रमाचा चांगला नमुना आहे. प्रथम निर्जीव नमुना फेकून हाताची ढब बसवतात. त्यानंतर भिंतीच्या आडोशातून, प्रशिक्षक शेजारी उभा असताना, एका वेळी एकच जवान खरा बॉम्ब फेकतो. बाकीचे सुरक्षित आडोशाला थांबतात. बॉम्ब फुटला नाही तर त्याला कोणीही हात लावत नाही. ठरावीक वेळ थांबून, त्या कामात तज्ज्ञ असलेली व्यक्ती तो जागच्या जागी नष्ट करते.

सराव किती सुरक्षित होईल हे साधनाच्या दर्जावरही अवलंबून असते. आपल्या सैन्यात दीर्घकाळ वापरला गेलेला '३६ क्रमांकाचा' हातबॉम्ब पहिल्या महायुद्धाच्या काळातील आराखड्यावर आधारलेला होता. त्याची जागा घेण्यासाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेने नवा हातबॉम्ब विकसित केला. नागपूर येथील खासगी कारखान्यात तयार झालेले हे बॉम्ब ऑगस्ट २०२१ मध्ये सैन्याच्या स्वाधीन करण्यात आले. धातूच्या तुकड्यांचे वेष्टन चढवून तो खंदकातून बचावासाठी वापरता येतो. वेष्टन काढून मोकळ्या जागेत पुढे सरकताना वापरता येतो. फुटण्याच्या वेळेची अचूकता आणि बाळगण्यातील सुरक्षितता हे त्याचे विशेष होत. पिन काढल्यावर बॉम्ब नेमका किती वेळाने फुटेल याची खात्री असणारा जवान अधिक निर्धास्तपणे शिकतो, आणि रणांगणावरही ती खात्री त्याच्या उपयोगी पडते.

मैदानाभोवतीची गावे

सरावाची सुरक्षितता केवळ जवानापुरती नसते. देवळाली येथे तोफखान्याचे, तर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जवळील के. के. रेंज येथे रणगाड्यांचे सराव चालतात. या मैदानांच्या आसपास गावे आहेत, शेते आहेत, गुरेचराई आहे. रायफलीची गोळीदेखील निशाण चुकल्यास काही किलोमीटर जाऊ शकते. तोफेच्या गोळ्याची तर गोष्टच वेगळी. म्हणून निशाणाच्या मागे आणि बाजूला धोक्याचा टापू आखावा लागतो.

यासाठी १९३८ चा युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना सराव अधिनियम आजही आधारभूत आहे. राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरावीक क्षेत्र ठरावीक मुदतीसाठी सरावास मोकळे करते. त्याची माहिती दवंडी पिटून आणि त्या भागातील भाषेत सूचना लावून लोकांना द्यावी लागते. सरावामुळे पिकांचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे आणि ती ठरवण्याचे काम महसूल अधिकाऱ्यांकडे असते. 'त्या भागातील भाषेत' या शब्दांचे महत्त्व जतसारख्या सीमाभागातील कर्मचाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. जेथे एकाच गावात मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जातात, तेथे एकाच भाषेतील सूचना ही अर्धीच सूचना ठरते.

सराव संपल्यावरही धोका संपत नाही. न फुटलेले गोळे जमिनीत रुतून राहतात. पितळेच्या आणि लोखंडाच्या मोहाने असे गोळे उचलून फोडण्याच्या प्रयत्नात नगरच्या मैदानालगतच्या गावांतील माणसे प्राणास मुकली आहेत. मेंढरे घेऊन लांबवर फिरणारे मेंढपाळ आणि शाळकरी मुले यांना या धोक्याची कल्पना सर्वांत कमी असते. संशयास्पद वस्तू दिसल्यास हात न लावता जागा लक्षात ठेवावी, इतरांना दूर ठेवावे आणि पोलीस पाटील किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना कळवावे, एवढी साधी माहिती शाळेतून दिली गेली तरी अनर्थ टळू शकतो.

गावातून करता येण्याजोगे

जत तालुक्यात तोफांचे मैदान नाही. परंतु प्रशिक्षणाचा पहिला टप्पा मात्र गावातच सुरू होतो. भरतीची तारीख जाहीर झाली की मुले अचानक धावू लागतात. आदल्या महिन्यापर्यंत न धावलेला मुलगा भर उन्हात, उपाशीपोटी धाव घेतो. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले आणि त्यांपैकी काहींचा अंत झाला. त्यानंतर पोलीस भरतीतील धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. अंतर कमी असले तरी वेळेशी स्पर्धा असल्याने शरीरावर ताण पडतोच.

उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारणपणे १० ते १४ दिवस लागतात. म्हणून तयारी काही महिने आधी, पहाटे आणि थोड्या अंतराने सुरू करून हळूहळू वाढवावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताप किंवा जुलाब असताना धावू नये. धावणारा मुलगा बरळू लागला, अडखळू लागला किंवा त्याचे अंग चटका बसण्याइतके तापले, तर त्याला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगोलग दवाखान्यात हलवावे. वाहन येईपर्यंत नुसते बसून राहू नये. अंग थंड करण्यात गेलेली पहिली काही मिनिटेच बहुधा जीव वाचवतात.

हे काम खर्चाचे नाही. शाळेचे मैदान पहाटे मोकळे ठेवणे, खड्डे बुजवलेला सुरक्षित मार्ग नेमून देणे, पाण्याचा माठ भरून ठेवणे आणि गावातील माजी सैनिकांकडे मुलांचा सराव सोपवणे, एवढे ग्रामपंचायत व शिक्षक यांना सहज करता येईल. माजी सैनिकांच्या अनुभवाचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल. कोठे मुलाला आणखी रेटायचे आणि कोठे थांबवायचे, हे ते जाणतात.

सैनिकी सरावातील धोका पूर्णपणे नाहीसा करता येणार नाही. तसे केल्यास सरावच उरणार नाही. परंतु जो धोका काही शिकवत नाही, तो जवानाच्या वाट्याला येऊ न देणे ही अधिकारी, प्रशिक्षक, कारखान्यातील कामगार, महसूल कर्मचारी आणि गावकरी या सर्वांची सामायिक जबाबदारी आहे. आपला मुलगा देशाच्या स्वाधीन करणाऱ्या आईवडिलांची त्याहून मोठी अपेक्षा नसते.