ट्रॅकवर गाडी शिकताना : भाग ४
ब्रेक सोडायचा कसा

मागच्या भागात आपण वळणाची रेषा पाहिली. बाहेरून आत शिरायचं, एपेक्सला आतली कड गाठायची आणि निघताना गाडीला पुन्हा बाहेर जाऊ द्यायचं. ही रेषा कागदावर कुणालाही काढता येते. गाडी तिच्यावर टिकेल की नाही, हे मात्र बऱ्याचदा वळण सुरू होण्याआधीच ब्रेकच्या पेडलवर ठरतं.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट घ्या. पाच किलोमीटरहून थोडा लांब, १६ वळणांचा हा ट्रॅक. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत इथे झाली. तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये सुमारे एक किलोमीटरची सरळ पट्टी आहे. साधी हॅचबॅकसुद्धा तिथे ताशी १४० किलोमीटरपर्यंत पोचते. १०० वरून १४० म्हणजे वेग दीडपटही झालेला नसतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरायची असते, आणि तेही दर फेरीला.

रोजच्या रस्त्यावर आपण आधी हलका ब्रेक लावतो आणि गाडी थांबत येईल तसा वाढवतो. ट्रॅकवर हा क्रम उलटा होतो: जोर सुरुवातीला, मग वेग उतरेल तसा कमी. तरीही पेडलवर एकदम पाय आपटायचा नसतो. १००० किलोची गाडी, चाकांमधलं अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, असं धरा. चांगल्या टायरवर कडक ब्रेक लावला की साधारण २०० किलोंचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो आणि पुढच्या टायरांची पकड वाढते. हा भार पुढे यायला क्षणभर लागतो. त्याआधीच पेडल दणकन दाबलं, तर टायरला अजून न मिळालेली पकड आपण मागतो आणि एबीएस थरथरू लागतं. आधी दाब चढवायचा, भार पुढे आला की मग पूर्ण जोर द्यायचा.

इतकं बहुतेकांना लवकर जमतं. खरी मेहनत पुढे आहे. स्टिअरिंग वळवायची वेळ आली की नवशिका ब्रेकवरून पाय झटकन काढतो. गाडीचं नाक वर येतं, पुढचा भार उतरतो आणि वळायला पकड सर्वांत जास्त हवी त्याच क्षणी ती कमी होते. गाडी रेषा सोडून बाहेर सरकते. चालवणाऱ्याला वाटतं, वेग जास्त होता. पुढच्या फेरीत तो आणखी लवकर ब्रेक लावतो, तरी दोष तसाच राहतो, कारण तो पाय उचलण्यात असतो.

टायरची पकड मर्यादित असते. सगळी ब्रेकला देता येते, सगळी वळायला देता येते, किंवा दोघांत वाटून देता येते. १९७२ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणारा मार्क डोनोह्यू इंजिनिअर होता आणि हाच हिशेब वर्तुळाच्या रूपात मांडून तो गाडी चालवत असे. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच: स्टिअरिंग जितकं वळत जाईल, तितका ब्रेक हलका होत जायचा, आणि एपेक्सच्या आसपास तो संपायचा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. यात धोकाही आहे. वळणात ब्रेक गरजेपेक्षा जास्त राहिला, तर भार उतरलेली मागची चाकं बाहेर फेकली जातात. म्हणून हे संथ वळणावर, बाहेर मोकळी जागा असताना आणि प्रशिक्षक शेजारी असतानाच शिकावं.

सरावाच्या वेळी ब्रेक लावायची खूण मुळीच हलवू नका. त्याच पाटीपाशी ब्रेक लावायचा आणि लक्ष फक्त सोडण्याकडे द्यायचं. उशिरा ब्रेक लावण्याची चढाओढ नवशिक्यांचा फार वेळ खाते, असं माझं ठाम मत आहे. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे यासाठी मला मनापासून आवडतो. जेमतेम २.१ किलोमीटरचा असल्याने तेच वळण लवकर पुन्हा समोर येतं.

आता गाडीबद्दल. नवा सायलेन्सर आणि रुंद चाकं नंतर घ्या, आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ आहे. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जातं. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओट लावा. पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी चालवत कोइमतूरला जाणाऱ्यांनी ब्रेक पॅड संध्याकाळी पुन्हा तपासावेत. परतीचा रस्ता हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि त्यात घाटही आहेत.

पुढच्या आठवड्यात उजव्या पायाला दुसरं काम देऊ: ब्रेक दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला टिचकी मारून खालचा गिअर टाकणं.