बाराव्या नमुन्याची लेखणी
(शेत आणि दप्तर : लेखांक ५)

सातबारा म्हणून ज्या एका कागदाला आपण ओळखतो, तो वस्तुतः गावदप्तरातील दोन नमुन्यांचा संयोग आहे; त्यांपैकी सातव्या नमुन्याचा, म्हणजे जमिनीवरील हक्कांच्या अभिलेखाचा, परामर्श आपण गेल्या आठवड्यात घेतला. बारावा नमुना पिकांचा. कोणत्या हंगामात, कोणत्या गटात, किती क्षेत्रावर काय उभे होते, त्याला पाणी विहिरीचे की कालव्याचे, आणि पड राहिली असल्यास ती किती, एवढे सारे त्यात यावयाचे आणि ते लिहिण्याचा अधिकार तलाठ्याचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून मात्र महसूल व कृषी या दोन खात्यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या ‘ई-पीक पाहणी’ या मोबाइल अ‍ॅपद्वारे ही लेखणी राज्यभर खुद्द खातेदाराच्या हाती देण्यात आली.

या घटनेचे मोल मला फार मोठे वाटते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून जी मोजणी आरंभली, तिच्यातून जमिनीची प्रत ठरली, साऱ्याचे दर ठरले आणि दख्खनच्या रयतवारीची घडी बसली; परंतु त्या सर्व व्यवहारात रयतेविषयी दुसऱ्यांनीच लिहावे आणि लिहिलेले तिने मान्य करावे, असाच प्रघात राहिला. पुढे एकेका तलाठ्याच्या सज्जात अनेक गावे आली, प्रत्येक बांधावर जाणे त्याला अशक्य झाले, आणि चावडीत बसून गतवर्षीचाच पीकपेरा पुन्हा उतरवून काढण्याची रीत कित्येक ठिकाणी रूढ झाली. ज्याने पेरले त्यानेच आपल्या पेऱ्याचे निवेदन सरकारदरबारी करावे आणि ते ग्राह्य धरले जावे, ही व्यवस्था म्हणून न्यायाची आहे.

प्रत्यक्ष रीत अशी. खातेदाराने आपला गट निवडावयाचा, हंगाम नमूद करावयाचा, पीक निर्भेळ की मिश्र ते सांगावयाचे, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक भरावयाचा, आणि शेवटी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे. त्या छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. रेंज नसेल तर माहिती मोबाइलमध्ये साठून राहते आणि रेंज मिळताच पुढे पाठविता येते, ही सोय दुर्गम भागासाठी विशेष उपकारक आहे. २०२२ च्या खरिपापासून आलेल्या सुधारित आवृत्तीने खातेदाराच्या स्वयंघोषणेला मान्यता दिली, पडताळणी दहा टक्के नोंदींपुरती ठेवली, आणि चूक झाल्यास ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्तीची मुभा दिली.

अडचण येते ती क्षेत्राच्या रकान्यापाशी, आणि तेथे थोडे थांबले पाहिजे. आपला शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, दप्तर मात्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाते. अर्धा एकर म्हणजे सुमारे वीस आर, म्हणून रकान्यात ०.२० असे यावयास हवे; पण अर्धा म्हणून कोणी ०.५० लिहिले, तर दप्तरी सव्वा एकराची नोंद होते. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर अशी पेरणी केलेल्या एका हेक्टरात सोयाबीनचे सदुसष्ट आर आणि तुरीचे तेहतीस आर मांडावयाचे, हा हिशेब सुशिक्षित माणसालाही क्षणभर विचारात पाडणारा आहे. सामाईक खात्याची गोष्ट तर याहून नाजूक. तिघा भावांची तोंडी वाटणी होऊन तीन बांध पडलेले असतात, दप्तरी मात्र गट अविभक्त. प्रत्येकाने आपल्या वहिवाटीपुरती नोंद करावी अशी तजवीज अ‍ॅपमध्ये आहे, पण एकाने अज्ञानाने सगळ्या गटावर आपले पीक चढविले, तर उरलेल्या दोघांनी लिहावे कोठे?

ही चूक कागदावरच राहत नाही. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाची खरेदी, या सर्वांना आता हीच नोंद आधारभूत धरली जाते. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपयांचे अर्थसाह्य राज्य शासनाने जाहीर केले, तेव्हा प्रारंभी ई-पीक पाहणीची नोंद ही त्याची अट होती. ज्यांनी खरोखर कापूस लावला होता, वेचला होता आणि पडत्या भावाने विकलाही होता, असे कितीतरी शेतकरी केवळ नोंदीअभावी यादीबाहेर राहिले. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ती अट शिथिल करावी लागली. लिहिण्याचा अधिकार देताना न लिहिल्याचा सगळा दंडही शेतकऱ्याच्याच माथी यावा, हे मला मान्य नाही. शेतात पीक उभे होते याची खातरजमा करण्याची शासनाची जबाबदारी अ‍ॅप आल्याने संपुष्टात येत नाही.

म्हणूनच २०२४ पासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाचे अ‍ॅप आल्यावर, शेतकऱ्यांची मुदत संपली की उरलेल्या गटांची पाहणी गावपातळीवरील सहायकांनी करावी अशी जी व्यवस्था झाली, ती मला स्वागतार्ह वाटते. परंतु तिच्याही आधी, नोंदीच्या ऐन दिवसांत, शेतकऱ्याशेजारी उभे राहील असे जाणते माणूस हवे. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कार्यकर्ते आहेत, आणि जेथे शेतकरी बियाण्यासाठी जातोच त्या कृषी सेवा केंद्राचे चालक आहेत. यांपैकी कोणीही आंतरपिकाचे आर काढून देऊ शकतो. मात्र मोबाइल हाती घेऊन परस्पर नोंद करून टाकणे हे साहाय्य नव्हे, कारण घोषणा खातेदाराची आहे आणि तिची जोखीमही त्याचीच. नोंद पाठविण्यापूर्वी पीक, क्षेत्र व गट ही तीन उत्तरे त्याला मोठ्याने वाचून दाखविली पाहिजेत; खातेदार स्त्री असेल, मोबाइल मुलाचा किंवा पुतण्याचा असेल, तर अगत्याने तिला.

नोंदी पाठवून झाल्या की गावच्या इतर खातेदारांची पाहणीही याच अ‍ॅपमध्ये पाहता येते. ग्रामसभेत ही यादी एकदा वाचली गेली, तर शेजारच्या गटात उसाच्या जागी चुकून पड लागली आहे हे सांगणारा तेथेच भेटेल, आणि दुरुस्तीचा अर्ज हंगाम उलटण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, देता येईल. पुढील लेखांकात महाडीबीटी या शासकीय योजनांच्या संकेतस्थळावरील अर्ज, त्यांना लागणारे दाखले आणि निवडीची पद्धत यांचा विचार करू.