पडद्यावरची अवकाशयुद्धे आणि आमचा न्यूटन

न्यूटनचे नियम शिकवायला घेतले की दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, मग 'स्टार वॉर्स'मधली ती विमाने अशी कशी वळतात?" विचारणाऱ्याने 'याने' न म्हणता 'विमाने' म्हटलेले असते, आणि निम्मे उत्तर त्या एका शब्दातच असते. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि अवकाशयुद्धांच्या चित्रपटांचा पट्टीचा प्रेक्षकही आहे. त्यामुळे माझ्यातल्या शिक्षकाचे आणि प्रेक्षकाचे नेहमी भांडण चालते. एक म्हणतो, हे सारे अशास्त्रीय आहे. दुसरा म्हणतो, गप्प बस आणि बघू दे. दोघांचेही म्हणणे विचारात घेऊन माझ्या आवडत्या काही लढायांविषयी येथे लिहीत आहे.

आधी ती वळणाची गोष्ट. सांबऱ्याला उतरणारे विमान पाहा. वळताना ते एका अंगावर कलते. पंखांना वर उचलणारा हवेचा जो जोर असतो, तो कलल्यामुळे थोडा बाजूला लागतो आणि विमानाचा मार्ग वाकतो. म्हणजे वळण घडवते ती हवा. अवकाशात हवाच नाही. तेथे पंख कितीही कलवले तरी यान आपल्या सरळ रेषेत चालतच राहणार. मार्ग बदलायचा तर एंजिनाचे तोंड फिरवून नव्या दिशेने धक्का द्यायला हवा आणि जुना वेग पुसून टाकण्यासाठी वेगळे इंधन जाळायला हवे. 'स्टार वॉर्स'मधली लढाऊ याने मात्र घारीसारखी कलतात, झेपावतात आणि गर्रकन वळतात.

हे काही अज्ञानातून झालेले नाही. १९७७ सालच्या या चित्रपटाची तयारी करताना जॉर्ज ल्यूकस याने दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धांची दृश्ये जुन्या चित्रपटांतून गोळा केली, एकापुढे एक जोडली आणि आपल्या तंत्रज्ञांपुढे ठेवली : हालचाल अशी हवी. शेवटच्या लढाईवर तर १९५५ सालच्या 'द डॅम बस्टर्स' या ब्रिटिश चित्रपटाची सावली स्वच्छ दिसते. मे १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या लँकॅस्टर विमानांनी जलाशयाच्या पाण्यालगत उडत जाऊन जर्मनीतली धरणे फोडली, त्याची ती कथा. दोन्हीकडून तोफांचा मारा, मध्ये चिंचोळी वाट, एकेका विमानाने आत शिरायचे आणि एकाच अचूक जागी बॉम्ब सोडायचा. पहिल्यांचा नेम चुकतो, मग पुढचा जातो. ल्यूकसने धरणाच्या जागी चंद्राएवढे संहारक यंत्र ठेवले, जलाशयाच्या जागी लांबलचक खंदक ठेवला आणि निशाण केले दोन मीटर रुंदीच्या एका भोकाचे. योगायोग असा की 'स्टार वॉर्स'चा छायाचित्रणकार गिल्बर्ट टेलर यानेच 'डॅम बस्टर्स'मधील विशेष दृश्यांच्या छायाचित्रणाचे काम केले होते.

ही लढाई इतकी रंगते याचे श्रेय केवळ वेगाला देऊ नये. हल्ल्यापूर्वी वैमानिकांना एका खोलीत बसवून, पडद्यावर आकृती दाखवून सारी मोहीम समजावून सांगितली जाते. खंदक कोठे, भोक कोठे, अडचण काय. वैमानिकांच्या निमित्ताने हा पाठ खरे म्हणजे आपल्यासाठी घेतलेला असतो. मग पुढे पाव तासभर पडद्यावर कितीही गोंधळ माजला तरी कोण कोठे आहे आणि कशासाठी धडपडतो आहे, हे आपण विसरत नाही. अलीकडच्या कित्येक चित्रपटांत शेकडो याने एकमेकांवर तुटून पडतात, आगीचे लोळ उठतात आणि प्रेक्षक जांभई देतो. कारण हा पाठच कुणी घेतलेला नसतो.

तंत्राविषयी थोडे सांगायलाच हवे. पूर्वी पुष्कळदा कॅमेरा एका जागी ठेवून त्याच्यापुढून यानाचे छोटे मॉडेल सरकवीत असत. या चित्रपटासाठी १९७५ साली कॅलिफोर्नियातील व्हॅन नायस येथे एका गोदामात 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही संस्था उभी राहिली. तेथे जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलटी युक्ती केली : मॉडेल स्थिर आणि कॅमेरा हलता. कॅमेऱ्याच्या मोटारी विद्युतयंत्रणेने अशा बांधल्या की एकदा केलेली हालचाल तिला जशीच्या तशी पुन्हा करता यावी. मग निळ्या पडद्यापुढे प्रत्येक यान वेगवेगळे चित्रित करायचे आणि शेवटी सारे तुकडे एका फिल्मवर आणायचे. हालचाल तंतोतंत तीच असल्याने सांधा दिसत नाही. आवाजांची कथा याहून गमतीची. शत्रूच्या लढाऊ यानांची ती अंगावर येणारी किंचाळी बेन बर्ट याने हत्तीचे ओरडणे आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज एकत्र करून बनवली. पोकळीत आवाज पोचत नाही हे सातवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण हत्ती कानाआड करणे माझ्यातल्या शिक्षकालाही जमलेले नाही.

विमानयुद्धाचे असे झाले. याच अंकाचा कन्नड विभाग पाहणारे माझे मित्र मात्र दुसऱ्या पंथाचे आहेत. त्यांचा पंथ पाणबुडीचा. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा पंथ लगेच कळेल. डिसेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत प्रथम दाखवलेला 'बॅलन्स ऑफ टेरर' हा त्याचा भाग म्हणजे १९५७ सालच्या 'द एनिमी बिलो' या पाणबुडीपटाचा अवकाशातला अवतार. एक यान अदृश्य होऊ शकते, दुसरे त्याचा माग काढते, आणि दोन कप्तान एकमेकांना न भेटता एकमेकांचे मन ओळखू लागतात. येथे एक मौज आहे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून यानातली मंडळी दबक्या आवाजात बोलतात! पाणबुडीत हे योग्यच, कारण पाण्यातून आवाज दूरवर जातो. अवकाशात त्यांनी ढोल-लेझीम घेतले असते तरी शेजारच्या यानात काही कळले नसते.

याच पंथातली सर्वोत्तम लढाई १९८२ सालच्या 'द रॅथ ऑफ खान'मधली. दिग्दर्शक निकोलस मेयर. खान हा खलनायक पहिल्यांदा १९६७ साली मालिकेत आला तेव्हा तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे सांगितले गेले. नाव खान नूनियन सिंग आणि भूमिका करणारा मेक्सिकोचा रिकार्डो माँटलबान. नावाची ही खिचडी कुणी शिजवली असेल ती असो. माँटलबानने काम मात्र जबरदस्त केले आहे. संपूर्ण चित्रपटात खान आणि कर्क समोरासमोर येतच नाहीत. सारे वैर पडद्यावरून आणि ध्वनियंत्रावरून चालते.

शेवटी कर्क आपले जखमी यान एका तेजोमेघात घेऊन जातो. तेथे संरक्षक कवच चालत नाही आणि शोधयंत्रेही आंधळी होतात. म्हणजे दुबळा आणि बलवान एका पातळीवर आले. दोन्ही याने धुक्यात चाचपडत राहतात. मग स्पॉकच्या ध्यानात येते की खान बुद्धिमान असला तरी त्याचा विचार जमिनीवरच्या माणसासारखा सपाट आहे. वर आणि खाली याही दिशा आहेत हे त्याला सुचत नाही. कर्क यान खाली नेतो, खानला वरून जाऊ देतो आणि हळूच त्याच्या पाठीमागे वर येतो. एवढाच डाव. पण अवकाशाला तीन मिती आहेत या साध्या गोष्टीवर निकाल लावणारी लढाई मी क्वचितच पाहिली आहे. तो सुंदर मेघ पाण्याच्या टाकीत रबराच्या चिकाचे (लॅटेक्सचे) मिश्रण सोडून आणि त्यावर रंगीत प्रकाश टाकून चित्रित केला आहे. खरा तेजोमेघ इतका दाट कधीच नसतो. एका घनसेंटीमीटरमध्ये काही शे किंवा काही हजार कण, बस्स. आपल्या प्रयोगशाळेतल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीचावर एकोणीस शून्ये इतके रेणू असतात. खऱ्या मेघात लपणे म्हणजे काच आड धरून लपण्यासारखे आहे.

न्यूटनला पडद्यावर थोडाफार न्याय मिळाला तो दूरचित्रवाणीवर आणि उशिरा. १९९३ साली सुरुवातीचा चित्रपट आलेल्या 'बॅबिलॉन ५' या मालिकेत 'स्टारफ्यूरी' नावाची छोटी लढाऊ याने आहेत. चार बाहूंच्या टोकांना चार एंजिने. दाराची मूठ बिजागरीपासून दूर का बसवतात? त्याच कारणाने ही एंजिनेही मध्यापासून दूर आहेत. यान चटकन फिरते. पाठीमागे शत्रू लागला तर वैमानिक वळसा घेत बसत नाही. एंजिन बंद, यान जागच्या जागी उलटे, आणि पूर्वीच्याच दिशेने पाठमोरे धावता धावता मागच्यावर गोळीबार. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी वर्गातल्यासारखा 'शाब्बास' म्हणालो होतो.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या २००३ पासूनच्या नव्या अवतारात आवाज दबलेला आहे आणि कॅमेरा एखाद्या तरंगत्या बातमीदाराच्या हातात असावा तसा शोधत, डळमळत फिरतो. त्यातली २००६ सालची एक चाल विसरता येत नाही. ग्रहावर अडकलेल्या आपल्या लोकांना सोडवण्यासाठी ती प्रचंड युद्धनौका थेट ग्रहाच्या वातावरणात प्रकट होते, दगडासारखी कोसळू लागते, पेटत्या अंगाने पडता पडता लढाऊ याने बाहेर सोडते आणि जमीन जवळ येताच अंतर्धान पावते. तिने सोडलेल्या रिकाम्या जागेत हवा आदळते आणि मेघगर्जना होते. येथे हवा आहे, म्हणून गर्जना रास्त आहे. दोन्ही भांडकुदळ एकाच वेळी खूश.

पण खरी भीती वाटली ती 'द एक्स्पान्स' पाहताना. ही मालिका २०१५ ते २०२२ या काळात दाखवली गेली. यातली याने जहाजासारखी आडवी नसून उंच इमारतीसारखी आहेत : तळाला एंजिन आणि वर एकावर एक मजले. एंजिन धक्का देते तेव्हाच पायाला जमीन लागते. ते बंद झाले की सारे तरंगू लागतात. निम्मा प्रवास वेग वाढवण्यात, मग यान उलटे करून निम्मा वेग कमी करण्यात. चकवण्यासाठी जोराने धक्का घ्यावा तर माणूस आसनात चिरडू लागतो. पृथ्वीच्या तिप्पट ओढ धरली तरी साठ किलोच्या माणसाला आपले वजन एकशेऐंशी किलो भासणार. म्हणून शरीर टिकावे यासाठी औषध टोचतात. लढाईपूर्वी यानातली हवा काढून घेतात आणि सारे पोशाख चढवतात, म्हणजे भोक पडले तरी हवा सुटणार नाही.

पहिल्याच पर्वात मंगळाच्या एका बलाढ्य युद्धनौकेवर हल्ला होतो. कथेतली मुख्य मंडळी आत एका खोलीत कैद आहेत. बाहेर काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. बोलता बोलता एक गोळा भिंतीतून आरपार जातो आणि त्यांच्यातल्या एकाचे डोके जाते. त्याचे वाक्य अर्धेच राहते. बाकीच्यांना रडायलाही सवड नाही. हवा सुटते आहे आणि दोन भोके बुजवायची आहेत. गणित करून पाहा. एक किलोचा गोळा सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आला तर त्याची गतिज ऊर्जा पाच कोटी ज्यूल होते, म्हणजे सुमारे बारा किलो टीएनटी. त्यात दारू भरण्याची गरजच उरत नाही.

हे गणित डोक्यात ठेवून १९८३ सालचा 'रिटर्न ऑफ द जेडाय' पाहिला की शेवट वेगळा दिसतो. एका हिरव्यागार उपग्रहाच्या डोक्यावर ते दुसरे महायंत्र फुटते, सुंदर ज्वाला उठते आणि खाली जंगलात सारे नाचू लागतात. तुकडे कोठे गेले? हवा नाही, म्हणजे त्यांना थांबवणारे काही नाही. ते खाली तरी पडणार किंवा फिरत तरी राहणार.

आपल्या पृथ्वीभोवती हे घडून गेले आहे. सोव्हिएत संघाच्या 'सॅल्यूत ३' या स्थानकावर चक्क एक तोफ होती. नेम धरायला सबंध स्थानक वळवावे लागे. जानेवारी १९७५ मध्ये, आत माणसे नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन ती उडवण्यात आली. जानेवारी २००७ मध्ये चीनने सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर आपलाच जुना उपग्रह फोडला. त्याचे माग ठेवण्याजोगे तीन हजारांवर तुकडे झाले. भारताने २७ मार्च २०१९ रोजी अशीच चाचणी केली ती ३०० किलोमीटरांच्या आत, विरळ हवेच्या ओढीने तुकडे लवकर खाली यावेत म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपला 'कॉसमॉस १४०८' फोडला. त्या वेळी आंतरराष्ट्रीय स्थानकावर सात जण होते, त्यांत दोन रशियन आणि हैदराबादहून अमेरिकेत गेलेल्या वडिलांचा मुलगा राजा चारी. साऱ्यांना आपापल्या परतीच्या यानांत शिरून दारे लावून बसावे लागले. स्थानक दर दीड तासाने त्या तुकड्यांच्या थव्याजवळून जात होते. सुमारे दोन तास ते सात जण तसेच बसून होते. बाहेर कसलाही आवाज नव्हता.