आधी फूल, मग किमोनो

क्योतोत कियोमिझु मंदिराकडे चढत जाणाऱ्या सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी किमोनोंची इतकी गर्दी असते, की हे शहर अजून शंभर वर्षं मागेच राहतंय असं वाटावं. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक किमोनो भाड्याचे असतात. नेसणाऱ्यांत परदेशी पाहुणे असतात, तशा टोकियो-ओसाकाकडून मैत्रिणींबरोबर आलेल्या जपानी मुलीही असतात. सकाळी दुकानात जायचं, रंग निवडायचा, अर्ध्या-पाऊण तासात नेसवून घ्यायचं आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आत परत करायचं, असा हा मामला. साधारण तीन ते सहा हजार येन, म्हणजे आपले पावणेदोन ते साडेतीन हजार रुपये. केस बांधून घ्यायचे तर थोडे वर. जपानला जाऊन आलेल्या मराठी घरांतही आता हा फोटो हमखास दाखवला जातो.

याच शहरात, याच प्रवाशांसाठी आणखी एक उद्योग चालतो. त्याची जाहिरात कमी आणि फोटो त्याहून कमी. रेशमाचे किंवा सुती क्रेपचे इंचभर चौकोन घ्यायचे, चिमट्याने त्यांच्या घड्या घालून पाकळ्या करायच्या आणि त्या गोंदावर मांडून केसांत खोचायचं फूल बनवायचं. या कलेला त्सुमामी म्हणतात आणि केसांच्या दागिन्याला कांझाशी. तास-दोन तासांच्या कार्यशाळेत हे शिकवतात. दोन्ही करणार असाल तर क्रम मात्र उलटा ठेवा, असं माझं मत आहे. बहुतेक जण आधी किमोनो नेसतात आणि वेळ उरला तर हातकामाकडे वळतात. आधी फूल करावं आणि मग किमोनो निवडावा.

याचं कारण किमोनोच्या घडणीत आहे. जपानी पोशाखात परंपरेने गळ्यात हार नाही, कानांत डूल नाहीत, हातांत बांगड्या नाहीत. दागिन्याला जागा उरते ती केसांत आणि थोडीफार ओबीवर, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्यावर. शिवाय किमोनोची कॉलर मागे ओढून मान उघडी ठेवायची रीत आहे, म्हणून केस वर बांधावे लागतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जपानी बायका केस बहुधा मोकळे किंवा पाठीवर सैल बांधलेले ठेवत. पुढे एदो काळात मोठमोठे अंबाडे आले आणि त्यांच्यासोबत कंगवे, काड्या, पिना, फुलं असा सगळा पसारा आला. चित्रकार उतामारोची चित्रं पाहिली तर अंबाड्यात खोचलेल्या कांझाशींवर त्याने किती जीव ओतलाय ते दिसतं. सोन्या-चांदीच्या कांझाशींवर सरकारने वेळोवेळी बंदी घातली. हौस काही कमी झाली नाही.

आता खुद्द किमोनो. ज्या कापडापासून तो शिवतात त्याचा तागा साधारण ३७ सेंटीमीटर रुंद आणि १२ मीटरच्या आसपास लांब असतो. त्याचे सरळ रेषेत आठ तुकडे कापतात. गोलाई कुठेही कापत नाहीत, त्यामुळे कापड जवळजवळ वाया जात नाही. जुन्या पद्धतीत किमोनो पूर्ण उसवून, तुकडे पुन्हा जोडून त्याचा तागा करून धूत आणि मग परत शिवत. मापाची भानगडही फारशी नाही. उंची जास्त-कमी असेल तर कमरेपाशी घडी घेऊन ती जुळवतात. म्हणजे नऊवारीसारखंच, कापड एकच, अंगावर ते कसं बसतं हे नेसवणाऱ्याच्या हातावर. आत पातळ अंतर्वस्त्र, त्यावर जुबान नावाचा आतला झगा, कमरेला बारीक दोऱ्या, सडपातळ कमर दिसू नये म्हणून चक्क टॉवेल गुंडाळलेला, मग किमोनो, मग ओबी. अंगाचा आकार नळीसारखा सरळ दिसावा अशीच सगळी योजना. पहिल्या दहा मिनिटांत श्वास आखडतो, हे खरं आहे. पण पाठ आपोआप ताठ होते आणि पावलं लहान पडतात. पोशाख चाल शिकवतो तो असा.

भाड्याचे किमोनो बहुधा पॉलिएस्टरचे असतात. यात फसवणूक नाही. रोज वेगळ्या जणीने नेसायचं आणि वरचेवर धुवायचं म्हटल्यावर रेशीम परवडणार कसं? पण त्यामुळे निशिजिनचं विणकाम किंवा युझेनचं हाताने रंगवणं म्हणजे काय, हे भाड्याच्या कपड्यातून कळत नाही. आतली मेहनत दिसत नाही, कारण ती दुसऱ्या कोणी केलेली असते आणि आपण फक्त हात पसरून उभे असतो. त्सुमामीच्या टेबलावर उलटं होतं. तिथे आपलाच हात अडखळतो.

पारंपरिक त्सुमामीत हाबुताए नावाचं अतिशय पातळ, साध्या विणीचं रेशीम वापरतात. त्याचे चौकोन कापतात. चौकोन चिमट्याने कर्णरेषेत दुमडायचा, पुन्हा दुमडायचा. तिसऱ्यांदा मधोमध दुमडला तर पाकळी टोकदार होते. त्याऐवजी दोन्ही टोकं मागे वळवून घेतली तर गोल. सगळ्या फुलांच्या मुळाशी या दोनच घड्या आहेत. घडी घातलेली पाकळी तांदळाची खळ पसरलेल्या फळीवर ओळीने उभी करून ठेवतात, म्हणजे तिच्या बुडाला खळ मुरते. मग ती उचलून छोट्या गोल पुठ्ठ्यावर बसवायची. प्लमच्या फुलाला पाच गोल पाकळ्या पुरतात. शेवंतीला टोकदार पाकळ्यांच्या रांगांवर रांगा लागतात, आणि एक रांग वाकडी गेली की पुढच्या सगळ्या तिच्यामागे जातात. खळ सुकायच्या आत पाकळीचा आकार सावरता येतो, नंतर नाही. पर्यटकांच्या कार्यशाळेत खळीऐवजी साधा गोंद देतात आणि फूलही सोपं देतात, तरी पहिल्या चार पाकळ्या चुरगळलेल्या निघतात. पाचवी जमते. कारागीर अशा शेकडो पाकळ्यांनी एक झुपका भरतो हे तेव्हा बोटांना समजतं.

शिवणकामात उरलेल्या चिंध्यांतून ही कला आली असं सांगतात. एदो काळात ती बहरली. टोकियोत तिला एदो त्सुमामी कांझाशी म्हणतात, आणि १९८२ मध्ये टोकियो महानगर प्रशासनाने तिला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. रोजच्या वापरातून ती गेली आहे. उरली ती सणासमारंभांत. नोव्हेंबरच्या शिचि-गो-सान या सणाला तीन आणि सात वर्षांच्या मुली केसांत ही फुलं माळून देवळात जातात. जानेवारीतल्या सज्ञानदिनी मुली लांब बाह्यांचे फुरिसोदे नेसतात, तेव्हाही ती दिसतात. रोज माळणाऱ्या मात्र मुख्यतः क्योतोच्या माइको.

माइको म्हणजे गेइको होण्याआधीची शिकाऊ कलावंत मुलगी, साधारण पंधरा ते वीस वर्षांची. क्योतोत गेइशाला गेइको म्हणतात. गेइको विग घालते. माइको मात्र स्वतःच्याच केसांचा अंबाडा बांधते आणि तो मोडू नये म्हणून उंच उशीवर मान टेकून झोपते. तिच्या केसांतलं फूल दर महिन्याला बदलतं. फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीच्या कुळातली पिवळी फुलं, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये विस्टेरियाचे घोस, जुलैत गिओन उत्सवाचा गोल पंखा, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरमध्ये लाल मेपल. नववर्षाला भाताची लोंबी आणि तिच्यासोबत एक छोटं पांढरं कबूतर, ज्याला डोळा काढलेला नसतो. तो नंतर शाईने भरायचा. डिसेंबरच्या फुलात दोन कोऱ्या नामपट्ट्या असतात. त्या महिन्यात मिनामिझा नाट्यगृहात काबुकीचा मोठा खेळ लागतो. माइको आपल्या आवडत्या नटाकडे जाऊन त्या पट्टीवर त्याची सही घेतात. डोक्यावर नटाची स्वाक्षरी मिरवायची ही पद्धत मला फार आवडते.

फुलावरून दर्जाही कळतो. पहिल्या वर्षाच्या माइकोच्या कानाजवळ फुलांच्या माळा गालापर्यंत लोंबतात. वर्षं जातात तशा त्या निघून जातात, फुलं मोजकी होतात, आणि गेइको झाल्यावर विगवर जेमतेम एखादा कंगवा आणि एक काडी राहते. शिकाऊ मुलगी सर्वांत नटलेली आणि तयार कलावंत सर्वांत साधी, असा हा हिशेब आहे.

हे माहीत असलं की किमोनोच्या दुकानातली निवड बदलते. नाहीतर भिंतभर टांगलेले शंभर किमोनो पाहून माणूस गांगरतो आणि सर्वांत भडक उचलतो. जपानी पोशाखात ऋतूची शिस्त कडक आहे. ऑक्टोबर ते मे अस्तराचे किमोनो, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचे, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार विणीचे किंवा सुती युकाता. नक्षी ऋतूच्या किंचित पुढे असावी असा संकेत आहे. झाडावर प्लम उमलण्याआधी अंगावर उमलावा, खऱ्या फुलाशी स्पर्धा करू नये. आता उष्णतेपायी बऱ्याच जणी हे नियम सैल करतात, आणि पाहुण्याला कोणी टोकतही नाही. पण मेपलचं फूल आपणच केलेलं असेल तर साकुराची नक्षी नकोशी वाटते. एवढी जाण फूल करण्याच्या तासातून येते. ऑगस्टमध्ये क्योतोत पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हट्ट न करता युकाता घ्यावा. आणि एक गोष्ट विसरू नये. डावा पदर नेहमी उजव्यावर. उजवा वर आला तर तो मृतदेहाचा पोशाख. फोनच्या सेल्फीत प्रतिमा उलटी दिसते, म्हणून नेसवणाऱ्या बाईंवर विश्वास ठेवावा, पडद्यावर नाही.

परक्यांनी किमोनो घालावा का, हा वाद जपानपेक्षा अमेरिकेत जास्त पेटला. २०१५ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने मोनेच्या १८७६ सालच्या ‘ला जॅपोनेझ’ या चित्रातल्या किमोनोची प्रतिकृती प्रेक्षकांना अंगावर घेऊन पाहायला दिली. आंदोलन झालं आणि कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. किमोनो घालून पाहू द्या, असं म्हणणाऱ्या जपानी बायकाही तिथे उभ्या राहिल्या. तोच किमोनो आधी जपानमधल्या प्रदर्शनांत लोकांनी हौसेने घालून पाहिला होता. याउलट २०१९ मध्ये किम कार्डाशियनने आपल्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला ‘किमोनो’ नाव दिलं, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी तिला जाहीर पत्र लिहिलं आणि नाव बदललं गेलं. दोन्ही प्रसंग एकत्र पाहिले तर जपान्यांचं म्हणणं मला स्पष्ट दिसतं. अंगावर घ्या, मालकी सांगू नका. किमोनोची जपानमधली बाजारपेठ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत पाव भागाहूनही खाली आली आहे. भाड्याने का होईना, नेसणारी माणसं त्या धंद्याला हवीच आहेत.

क्योतोची तक्रार वेगळी आहे. ती कपड्याबद्दल नाही, वागण्याबद्दल आहे. कामावर निघालेल्या माइकोला गाठून, बाही ओढून फोटो काढणाऱ्यांना त्यांच्या गिओन भागातले रहिवासी कंटाळले. तिथल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून छायाचित्रणाला मनाई आहे आणि २०२४ पासून काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच नाही. फलकावर १० हजार येन दंड लिहिलेला असतो. भर दुपारी मंदिराच्या पायऱ्यांवर निवांत फोटो देणारी पांढऱ्या चेहऱ्याची माइको बहुधा तुमच्यासारखीच प्रवासी असते, स्टुडिओतून नटून आलेली. खरी माइको संध्याकाळी घाईत असते. तिला वाट द्यावी.

खरेदीबद्दल एक सूचना. तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगूला २५ तारखेला जुना बाजार भरतो. जुने किमोनो आणि ओबी तिथे स्वस्त मिळतात, जरूर पाहा. मात्र तिथे मध-रंगाचे, आरपार दिसणारे जुने कंगवे आणि काड्याही भुरळ घालतात. त्यातले काही बेक्कोचे, म्हणजे हॉक्सबिल समुद्री कासवाच्या कवचाचे असतात. त्याची आयात जपानने १९९२ अखेर थांबवली, आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार या कासवाच्या वस्तूंच्या देशादेशांमधल्या व्यापाराला बंदी आहे. भारतातही कायद्याने हे कासव संरक्षित आहे. तुकडा कितीही जुना असला तरी परवान्याशिवाय बॅगेत घालू नका. लाकडी किंवा लाखकामाचा कंगवा घ्या.

आणि फूल कार्यशाळेतून आणल्यावर लगेच माळू नका. गोंद पुरता वाळायला वेळ लागतो, म्हणून कार्यशाळा आदल्या दिवशी दुपारची घ्या आणि किमोनो दुसऱ्या दिवशी सकाळचा. दुकानात शिरल्यावर आधी फूल दाखवा, मग किमोनो मागा. पाऊस असेल तर फूल केसांत नको, ते पाण्याने बिघडतं. अस्सल खळीचं विकत घेतलं असेल तर घरी कोरड्या डबीत ठेवा, कारण खळीला कसर लागते.